दुखणं लांबलं आणि मरणाचे विचार येऊ लागले, तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचं दुखणं महिन्यांत नाही, वर्षांत मोजावं लागतं, त्यांच्यासाठी हे पान आहे. संधिवात, मणक्याचा आजार, डायलिसिस, कॅन्सर, पक्षाघातानंतरचं अंथरूण, कित्येक वर्षं न हललेलं नैराश्य, काहीही असो. मी संधिवाताची जुनी पेशंट आहे, डॉक्टर नाही. रुग्णांच्या मदतगटात काही प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. मीटिंग संपली, सगळे पांगले, की चपला घालता घालता ते हळूच विचारले जातात. ते इथे घेतले आहेत.

आधी तातडीचं. आत्ता या क्षणी स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल, तर बाकीचं नंतर वाचा. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, नंबर लावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाहीतर ११२ लावा, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. खोलीत एकटे असाल तर दार उघडून जिथे माणूस आहे तिथे जाऊन बसा. काय सांगायचं ते सुचलं नाही तरी चालेल. "मला एकटं ठेवू नका" एवढं पुरतं.

"संपलं तर बरं" असं रोज वाटतं, पण मी काही करणार नाही. याला आत्महत्येचे विचार म्हणायचं का?

हो, त्याच कुळातले. मानसोपचारात याचे ढोबळ दोन भाग करतात. एक म्हणजे मरण यावं अशी इच्छा: रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये, देवाने न्यावं, पुढच्या केमोच्या आधीच सुटावं. दुसरा म्हणजे आपणच काहीतरी करावं हा विचार, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे त्याची आखणी.

लांबलेल्या दुखण्यात पहिला प्रकार पुष्कळ जणांना येतो. आपल्याकडे तर तो बोलण्यात इतका मुरला आहे की कानांना खटकतही नाही. "आता बोलावणं आलं तर बरं" हे चहा पिता पिता म्हटलं जातं, समोरचा "असं वाईट बोलू नये" म्हणतो आणि विषय बदलतो. म्हणजे माणसाने सांगितलेलं असतं, फक्त कोणी ऐकलेलं नसतं.

हा पहिला प्रकार आला म्हणून घाबरून जाऊ नका, आणि तो असाच असतो म्हणून सोडूनही देऊ नका. विचार एखाद्या ठरावीक वस्तूभोवती किंवा ठरावीक दिवसाभोवती फिरू लागला, निरवानिरवीची भाषा सुरू झाली ("चाव्या इथे आहेत, माझ्यामागे हे असं कर"), दारू वाढली, चालू औषधं मुद्दाम सोडली, किंवा बरेच दिवस तळमळून झाल्यावर एकदम शांत वाटू लागलं, तर मामला पुढे सरकला आहे असं समजा. त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

मला मरायचंय की हे दुखणं थांबायला हवंय, माझं मलाच कळत नाही.

बहुतेकांना कळत नाही, कारण दुखणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

"असह्य झालंय" हा शब्द एक असला, तरी त्याच्या पोटात बऱ्याच गोष्टी असतात. प्रत्यक्ष वेदना. तुटलेली झोप. संडास-बाथरूमला दुसऱ्याचा हात लागतो याची लाज. पैसा. कामावरून गेलेलं नाव. दिवसभर त्याच भिंतीकडे बघणं. यातली एखादी गोष्ट थोडी हलली, तरी "असह्य"चं माप बदलतं. म्हणून मरणाचा विचार आला की त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्याला विचारा: आज नक्की काय सहन होत नाहीये?

आमच्या गटात डायलिसिसवरचे एक काका होते. "सुटलो तर बरं" हे त्यांचं पालुपद. एका ताईंनी त्यांना साधंच विचारलं, कोणत्या दिवशी जास्त वाटतं? त्यावर कळलं की डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी. आणखी विचारल्यावर कळलं की थकवा होताच, पण खरा सल वेगळा होता. मुलगा आठवड्यातून तीनदा अर्धी रजा टाकून त्यांना आणायला यायचा आणि परतीच्या रिक्षात दोघंही एक शब्द बोलायचे नाहीत. मुलगा वैतागलाय असं काकांनी धरून चाललं होतं. मुलगा मात्र, बाबा दमलेत, बोलायला लावू नये, म्हणून गप्प बसायचा. पुढे सेंटरवाल्यांनी त्यांना सकाळची पाळी दिली, शेजारच्याच वस्तीतला एक रिक्षावाला ठरला, मुलाशी बोलणं झालं. मूत्रपिंडं आहेत तशीच आहेत. पालुपद कमी झालं.

सगळ्यांचं इतकं सरळ सुटत नाही. वेदनाच मुख्य असेल तर वेदनेवरच इलाज लागतो. पण गाठोडं सोडून पाहिल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, एवढं नक्की.

रात्री दोन-तीन वाजता हे विचार का वाढतात?

दिवसा माणसं असतात, आवाज असतात, गोळीची वेळ असते. रात्री दुखणं आणि तुम्ही, दोघंच. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी वेदना जास्त जाणवतात, आणि वेदनेने पुन्हा झोप तुटते. हे चक्र डॉक्टरांना चांगलं माहीत असतं, पण "झोप लागते का?" या प्रश्नाला आपण "ठीक" म्हणून मोकळे होतो. ठीक नसेल तर तसं सांगा. कधी डुलकी लागते, कितीदा जाग येते, जाग दुखण्याने येते की विचारांनी, सगळं सांगा. कधी कधी फक्त औषधाची वेळ बदलून फरक पडतो. स्टिरॉइडची गोळी सहसा सकाळी देतात, त्याचं एक कारण झोप हेच आहे.

त्या रात्रीपुरता नियम एकच: रात्री काहीही ठरवायचं नाही. आडवं पडून विचार करत राहू नका. उठून बसा, दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, गरम पाण्याची पिशवी घ्या, रेडिओ लावा. घरात कोणी असेल तर उठवा. हो, उठवा. दमा उसळला असता तर उठवलंच असतं ना? कोणी नसेल तर १४४१६ रात्रीही उचलतात.

चालू औषधांमुळे असे विचार येऊ शकतात का?

येऊ शकतात, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडने काहींचा मूड बराच खालीवर होतो. फिट्ससाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटामने काहींना चिडचिड आणि उदासी येते. थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता, रक्त कमी असणं, यांनीही मन खचतं. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर विचार सुरू झाले असतील तर तारखेसकट डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नका. स्टिरॉइड आणि फिटची औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

ओपीडीत दोन मिनिटं मिळतात. तिथे हे सांगायचं कसं?

कागदावर लिहून न्या. चार ओळी पुरतात, अशा:

"गेले दोन महिने मरणाचे विचार येतात. आठवड्यातून चार-पाच वेळा, जास्त करून रात्री. अजून काही केलेलं नाही. मला मदत हवी आहे."

खुर्चीत बसल्या बसल्या, रिपोर्टच्या फाइलीआधी, हा कागद पुढे करा. शेवटी सांगू म्हटलं की राहून जातं, कारण तोवर पुढचा पेशंट दार ढकलून आत आलेला असतो. सोबत आलेल्या माणसासमोर बोलायचं नसेल तर "डॉक्टर, मला एक मिनिट एकट्याने बोलायचंय" असं सरळ म्हणा. त्यात कोणाचा अपमान होत नाही. विचार आखणीपर्यंत गेले असतील तर तेही लिहा, आणि औषधं महिन्याऐवजी आठवड्यापुरतीच लिहून द्या अशी विनंती करा.

मला एका डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. "मन खंबीर ठेवा" म्हणाले आणि पुढचा केसपेपर ओढला. असं झालं तर त्याचा अर्थ एवढाच की हा माणूस या कामाचा नाही. दुसऱ्याला सांगायचं: फॅमिली डॉक्टर, वॉर्डातली सिस्टर, फिजिओथेरपिस्ट. सरकारी आणि मोठ्या हॉस्पिटलांत वैद्यकीय समाजसेवक असतात. त्यांची खोली बहुधा कुठल्यातरी कोपऱ्यात असते, पण शोधून काढण्यासारखी असते.

सांगितलं तर पोलीस केस होते का?

विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्नाबद्दल जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं, तिथूनच ही भीती घरोघर बसली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने चित्र बदललं. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरून चालायचं, उलट सिद्ध झालं नाही तर तिला शिक्षा करायची नाही, आणि तिला उपचार व आधार देणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ चं कलम आलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दल वेगळं कलम आहे, त्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही.

प्रयत्न झाल्यावर हॉस्पिटल एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद करतं आणि पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात, हे खरं. पण त्या धास्तीने हॉस्पिटलात नेण्यात एक मिनिटही घालवू नका.

मला वेड्यांच्या हॉस्पिटलात टाकतील का?

बहुतेकांना भरती लागतच नाही. ओपीडी, समुपदेशन, लागली तर गोळी, एवढ्यावर भागतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर काही दिवस भरती सुचवतात. तुमच्या मर्जीविरुद्ध ठेवायचं तर कायद्याने अटी घातल्या आहेत, मुदत आहे, आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. तुमच्या वतीने बोलणारी व्यक्ती कोण असावी हे तुम्ही आधीच लिहून ठेवू शकता. उपचारांबद्दलची माहिती गुप्त ठेवली जाण्याचाही तुम्हाला हक्क आहे.

१४४१६ लावला की पुढे काय होतं?

आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा निवडायला सांगतो. मराठी निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी केंद्रात पाठवतात. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केली. १८००-८९१-४४१६ हा तिचाच दुसरा नंबर.

पहिलं वाक्य सुचत नाही ही खरी अडचण असते. "मला बरेच दिवसांचा आजार आहे, आणि आता जगावंसं वाटत नाही" इथून सुरुवात करा. लाइन लागली नाही तर पुन्हा लावा. बोलणारी व्यक्ती जुळली नाही तर फोन ठेवून परत लावता येतो, वेगळा आवाज मिळू शकतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही समुपदेशन सेवाही आहे, नंबर ९१५२९८७८२१. ती चोवीस तास नसते, म्हणून रात्रीसाठी १४४१६ च लक्षात ठेवा.

घरच्यांना आधीच माझ्या आजाराने पिडलंय. त्यात हे कसं सांगू?

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एक माणूस निवडा. तो सगळ्यात जवळचाच हवा असंही नाही. कित्येकदा आई किंवा नवरा ऐकून इतके हबकतात की त्यांनाच सावरत बसावं लागतं. मावसबहीण, जुना सहकारी, सोसायटीतली एखादी काकू, यांना ऐकणं सोपं जातं. निवडताना एकच बघा: हा माणूस पूर्वी कधी आपलं बोलणं न तोडता ऐकून बसला आहे का?

आणि काय हवं आहे तेही सांगा, नाहीतर समोरचा उपदेश करू लागतो. "मला उपाय नको, फक्त ऐक." "मंगळवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल." "रात्री साडेदहाला रोज एक फोन कर, दोन मिनिटंच." असं नेमकं काम दिलं की आपली माणसं ते आनंदाने करतात. "काळजी घे हं" यापलीकडे काय करावं हेच त्यांना ठाऊक नसतं.

"तू ओझं नाहीस" असं सगळे म्हणतात. पण खर्च तर खरा आहे ना?

खरा आहे. "असं मनात आणू नकोस" म्हणून बिल कमी होत नाही. म्हणून खर्चाचा प्रश्न खर्चाच्याच जागी सोडवायचा, तो आपल्या जिवाशी जोडायचा नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि डायलिसिस व कॅन्सरचे बरेच उपचार त्यात बसतात. प्रत्येक संलग्न हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मागितल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आणि मानसिक आजारही त्यात येतात, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) आपण बसतो का ते पाहा. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरणं २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे.

हे सगळे कागद आजारी माणसाने स्वतः धावून गोळा करायचे नसतात. "मी काय करू?" असं विचारणाऱ्या नातेवाइकाला हेच काम द्या.

राहिला मनातला हिशेब. "मी गेलो तर यांचं भलं होईल" हा हिशेब दुखणं मांडतं, आणि त्यात मागे राहणाऱ्यांची बाजू कधीच धरलेली नसते. आमच्या गटात अशी मागे राहिलेली माणसंही येतात. "सुटलो एकदाचे" असं त्यांच्यातल्या कोणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

कठीण वेळेसाठी आधीच काही तयारी करता येते का?

येते. समुपदेशक याला सेफ्टी प्लॅन म्हणतात. बरं वाटत असतानाच वहीच्या एका पानावर लिहून ठेवायचा, किंवा फोनमध्ये. माझा अगदी साधा आहे, नमुना म्हणून देते:

खूण: जेवण टाळायला लागते, फोन उचलत नाही, "काय उपयोग" हे शब्द येतात.
एकटीने करायचं: गरम पाण्याने हात शेकणं, गॅलरीत बसणं, कुकर लावणं (कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत तिथून हलता येत नाही, म्हणून).
माणसांत जायचं: खालच्या मजल्यावरच्या वहिनी, देवळासमोरचा कट्टा.
सांगायचं: बहीण, गटातल्या ताई.
तज्ज्ञ: माझ्या डॉक्टरांचा नंबर, १४४१६.
घर: ज्या वस्तूचा विचार मनात घोळतो ती घरातून बाहेर किंवा दुसऱ्याच्या कुलपात. औषधांचा डबा बहिणीकडे.

शेवटची ओळ वाचून लोक बिचकतात, पण ती सगळ्यात कामाची आहे. टोकाची उबळ बऱ्याचदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काही नसणं यानेच पुष्कळ जीव वाचतात.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले तर "सगळं मनाचंच आहे" असं ठरेल ना?

नाही. सांध्याची सूज बऱ्याचदा रक्ताच्या तपासणीतही दिसते, ती तुमच्या मनाने आणलेली नाही. पण सततच्या वेदनेचा मेंदूवर परिणाम होतो, आणि वेदना व मूड यांचे मेंदूतले रस्ते बरेचसे एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून तर ड्युलोक्सेटिन नैराश्यावरही देतात आणि नसांच्या दुखण्यावरही. अमिट्रिप्टिलिन ही जुनी नैराश्याची गोळी कमी डोसमध्ये वेदनेसाठी आजही लिहितात.

अशा गोळ्यांचा मूडवर परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका. विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी किंवा असे विचार वाढू शकतात. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं आणि तेवढे दिवस घरच्यांनी जवळ राहायचं.

हा आजार बरा होणार नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय. मग आशा कसली धरायची?

बरं होण्याची आशा धरा असं मी म्हणणार नाही. पण "बरा होणार नाही" आणि "आता काही करता येणार नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिली सांगताना दुसरीही सांगितल्यासारखी होते. आजार राहिला तरी वेदना, धाप, मळमळ, झोप, भीती यांवर काम करणारी एक पूर्ण शाखा आहे: पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे परिहार सेवा. ती फक्त शेवटच्या चार दिवसांसाठी नसते. चालू उपचारांबरोबर पहिल्यापासून घेता येते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तिचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे कॅन्सरच्या रुग्णांकडून पैसे घेत नाहीत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ चं. आपल्या हॉस्पिटलात "वेदना आणि परिहार सेवेचा विभाग आहे का?" असं विचारा.

मॉर्फिनला लोक घाबरतात, "ते दिलं म्हणजे संपलं" असं समजतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत ते दुखणं आटोक्यात ठेवणारं औषध आहे. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्तीही झाली. वेदना खरोखर आटोक्यात आल्यावर मरणाची मागणी मागे पडलेली मी एकाहून अधिक लोकांत पाहिली आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. "मला शेवटी व्हेंटिलेटरवर ठेवू नका" असं म्हणणं म्हणजे आत्महत्या नव्हे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात अनेक वर्षं अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाच्या २०११ च्या निकालापासून या विषयाची चर्चा सुरू झाली, आणि ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि 'लिव्हिंग विल' म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. शेवटी आपल्यावर यंत्रं लादली जातील या भीतीनेच ज्यांना आज मरावंसं वाटतं, त्यांना हा कागद केल्यावर बराच निवांतपणा येतो. तो शांतपणे, डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलून करायचा. मन तळाला गेलेलं असताना मात्र नको.

आई सारखी "देवा, उचल आता" म्हणते. मी विषय काढला तर तिच्या डोक्यात नसलेलं घातलं असं होईल का?

होत नाही. विचारल्याने विचार रुजत नाहीत, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. आईजवळ बसा, टीव्ही बंद करा आणि विचारा: "आई, तू असं म्हणतेस तेव्हा तुला नक्की काय वाटतं? स्वतःला काही करून घ्यावं असं कधी मनात येतं का?" उत्तर "हो" आलं तर रडारड, शपथा, "तुला आमची पर्वा नाही" हे सगळं टाळा. "बरं झालं सांगितलंस" म्हणा, कसले विचार येतात ते ऐका, तिला एकटी ठेवू नका आणि डॉक्टर गाठा. "कोणाला सांगू नकोस" असं वचन तिने मागितलं तर देऊ नका.

ती "नाही रे, उगाच म्हणते" म्हणाली तरी दुखतंय का, झोप लागते का, दिवसभर कोणाशी बोलणं होतं का, हे विचारा. पुष्कळदा "उचल" म्हणजे "माझ्याकडे बघा" एवढंच असतं. तेही ऐकण्यासारखंच.

मी आजारी नाही. मी सांभाळणारी आहे. पण विचार मला येतात.

सासूबाईंचे डायपर, नवऱ्याचं फीडिंग, रात्रीची जागरणं, आणि वर "किती करतेस ग" म्हणून लांबून कौतुक. असे विचार तुम्हाला येत असतील तर त्यात नवल काहीच नाही. "हे एकदाचं संपावं" असं त्यांच्याबद्दल मनात आलं म्हणून स्वतःला राक्षसीण समजू नका. वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे, १४४१६ सुद्धा. आणि आठवड्यातून अर्धा दिवस दुसऱ्या कोणी बसलंच पाहिजे. दीर, नणंद, पगारी मावशी, कोणीही. विनंती करू नका, वार ठरवून सांगा.

आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथे चौकशी करा. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथेही बाहेरच्या बाहेर दाखवून घरी येता येतं. गोव्यात बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. जाणंच शक्य नसेल तर टेलि-मानस.

मी परदेशात आहे.

अमेरिकेत ९८८. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये समॅरिटन्स, ११६ १२३. ऑस्ट्रेलियात लाइफलाइन, १३ ११ १४. इंग्रजीत रडता येत नाही अशी तक्रार बरेच जण करतात. खरी आहे. जीव धोक्यात असेल तर तरीही आधी तिथलाच नंबर लावा, मराठीत बोलायला बहीण नंतर आहेच.

हे विचार कधी कायमचे जातात का?

काहींचे जातात. नैराश्यावर उपचार झाले, वेदना आटोक्यात आल्या की पुष्कळांचे जातात. माझ्यासारख्या काहींचे कमी होतात, अधूनमधून डोकावतात, विशेषतः आजार उसळला की. फरक एवढा पडतो की पूर्वी आठवडा खाणारा विचार आता तासाभरात ओळखता येतो. "आला वाटतं" म्हणायचं, काल झोप झाली का, गोळी चुकली का, कोणाशी बोलणं झालं का, हे पाहायचं, आणि वहीचं पान काढायचं.

बरेच महिने चांगले गेल्यावर विचार परत आले तर "पुन्हा पहिल्यापासून सुरुवात" असं समजून लपवू नका. ज्या डॉक्टरांनी मागे मदत केली त्यांच्याकडे जुना केसपेपर घेऊन लवकर जा. या वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही, आणि गेल्या खेपेला कशाचा उपयोग झाला ते त्यावर लिहिलेलं असतं.